मुदतवाढ

रात्री पावणेदहाच्या सुमारास आमच्या बाहेरच्या खोलीतून हाक येते, "अरे, तो परत आलाय रे!"

शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकूंनी ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या लाटणं घेऊनच धावत आल्या होत्या. आता त्यांनाही सवय झाली आहे. 'तो' म्हणजे चोर नव्हे, सावकार नव्हे, माझा मेहुणाही नव्हे. 'तो' म्हणजे अण्णांच्या संगणकाच्या पडद्यावर येणारा अपडेटचा निरोप. नवीन अपडेट तयार आहे, आत्ता घ्यायचं, रात्री घ्यायचं, की नंतर आठवण करू, असं तो इंग्रजीत विचारतो. अतिशय अदबीने विचारतो. फक्त 'नको' म्हणायला बटण ठेवत नाही. मुलीचे वडील जसे "मग याद्या करायला शनिवारी बसायचं की रविवारी?" असं विचारतात, त्यातला प्रकार. लग्न करायचं की नाही, हा प्रश्न पत्रिकेत नसतोच.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सरकारी नोकरांना एम.एस.-सीआयटी सक्तीचं झालं तेव्हा वयामुळे त्यांना सूट होती. पण सूट आहे म्हणजे आपल्याला येणार नाही असं सरकारने गृहीत धरलंय, असा त्यांनी अर्थ काढला आणि पोरासोरांच्या शेजारी बसून ते परीक्षा पास झाले. त्या प्रमाणपत्राला घरात माझ्या बी. कॉम.च्या पदवीपेक्षा वरचा खिळा आहे.

मी बँकेत कारकून. संगणकातलं मला कोणाही कारकुनाइतकंच कळतं. पण जो दिवसभर पडद्यासमोर बसतो त्याला पडद्यामागचंही कळत असणार, असा घरात समज आहे. सिनेमाच्या डोअरकीपरला दिग्दर्शन येत असणार असं मानण्यासारखंच हे. बँकेत आमच्या यंत्रांना कोणतं अपडेट कधी द्यायचं ते वरून ठरतं, आणि रात्रीतून होतं. सकाळी आम्ही येतो तेव्हा काल डावीकडे असलेलं छपाईचं बटण उजवीकडे गेलेलं असतं. मग पंचवीस वर्षं नोकरी झालेली माणसं जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी पडद्यावर इकडेतिकडे बघत बसतात, आणि दोन वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा येऊन "काका, हे बघा इथे" असं म्हणून जातो. मला वाईट बटण हलल्याचं वाटत नाही. 'काका' म्हटल्याचं वाटतं. आणि तोच मी, त्याच काउंटरवर बसून, समोरच्या सत्तरीच्या माणसाला दिवसातून दहा वेळा सांगत असतो, "अहो, ॲप अपडेट करून घ्या, काही होत नाही."

काही होत नाही, हे मी घरी मात्र म्हणू शकत नाही. त्याला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला खलनायक मीच आहे.

आमचा संगणक २०१६ सालचा. विंडोज १० घालूनच आला. आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. दूरदर्शन संचाला विणलं होतं, मिक्सरला विणलं होतं, म्हणजे घरात आलेल्या यंत्राला कपडे घालायचे ही रीतच होती. २०१९ साली आई गेली. पुढे कपाट आवरताना अण्णांना तिची पाककृतींची वही सापडली. जुनी दोनशे पानी वही, निम्मी पानं तेलाने पारदर्शक झालेली, शाई फिकी पडलेली. जन्मात स्वयंपाकघरात पाणी प्यायला सोडून न गेलेल्या माणसाने ती वही संगणकावर टाइप करायला घेतली.

आणि हेडक्लार्कच ते. आईच्या लिखाणात 'मूठभर', 'अदमासे', 'पुरेसं', 'सवयीने' असे शब्द. असल्या मोघम मसुद्यावर अण्णांनी आयुष्यात सही केली नव्हती. त्यांनी तळटीपा घातल्या. "मूठ : येथे लेखिकेची मूठ अभिप्रेत आहे." "सवयीने : याबाबत खुलासा मिळू शकला नाही." साखरेच्या पाकाच्या पानावर आईने फक्त 'हा नीट जमत नाही' एवढंच लिहिलं होतं. तेही त्यांनी जसंच्या तसं उतरवलं, आणि खाली टीप घातली, "जमत असे."

हे सगळं टायपिंग त्यांच्या जुन्या, टाइपरायटरच्या वळणाच्या कळफलकावर आणि तशाच जुन्या फॉन्टमध्ये. ह्या जुन्या फॉन्टची गंमत अशी, की संगणकाच्या पोटात सगळी इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा हरवला की खालचं तोंड दिसायला लागतं.

ते मी दाखवलं. २०२१ साली. एका रात्री असाच 'तो' आला. अण्णा झोपले होते, आणि मला मोठेपणा सुचला. मी 'आत्ता' दाबलं. आकडे चढू लागले. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के. तिसावर गाडी थांबली. खाली लिहिलेलं होतं की यंत्र बंद करू नका. साडेअकरा वाजले, साडेबारा वाजले, तीस ते तीसच. आमच्या बँकेत व्याजसुद्धा याहून भरभर वाढतं. एक वाजता मी इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

सकाळी यंत्र उठलंच नाही. दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने यंत्र बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मध्येच बंद केलंत ना?" सातशे रुपये घेऊन त्याने सगळं पुसून नव्याने बसवलं. वहीची फाइल वाचली, कारण सगळी कागदपत्रं एकाच कपाटात ठेवू नयेत ह्या सरकारी शहाणपणाने अण्णांनी ती दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती. मी विजयी मुद्रेने ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा नुसता सडा पडला होता. पानामागून पान.

अण्णा काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यातून एक पाकीट काढलं. वर लाल शाईत 'फॉन्ट. महत्त्वाचे. टाकू नये' असं लिहिलेलं. आत एक सीडी. अर्ध्या तासाने पडद्यावरचे डॉलर वितळले आणि त्यांच्या जागी अळूचं फदफदं आलं.

आता सांगा, मी कुठल्या तोंडाने "काही होत नाही" म्हणू?

तेव्हापासून अण्णांनी ह्या विषयाचा अभ्यास आरंभला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर संकष्टीच्या बरोबरीने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एक बारीक फुली असते. विंडोजचे महिन्याचे ठरलेले अपडेट २००३ सालापासून अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. "म्हणजे हा रात्री येतो तो काही वाईट हेतूने येत नाही," अण्णांनी निवाडा दिला, "त्याची तिकडे सकाळ असते." एवढी सवलत त्यांनी दिली. पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती, आणि ती ऐकून माझ्यातला बँकेतला काका मनातल्या मनात टाळ्या वाजवत होता. ते म्हणाले, "अरे, भिंतीला ओल आली म्हणून गवंड्याला बोलवावं. त्याने ओल काढावी, पैसे घ्यावेत, जावं. हा ओल काढतो आणि जाताना देवघर हलवून जातो! वर म्हणतो, आता अधिक सोयीचं झालंय. सोय कोणाची? माझा हात अंधारात काडेपेटीवर पडत होता, ती सोय नव्हती?"

ह्यावर त्यांना कोणी उत्तर द्यावं! यंत्रं बनवणाऱ्यांना वाटतं म्हातारी माणसं नव्याला भितात. अण्णा नव्याला भीत नाहीत. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी फोनवरून भाजीवाल्याला पैसे द्यायला शिकून घेतलं. पण ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडावी, एवढी त्यांची मागणी आहे. घरातलं एक माणूस ठेवल्या जागी सापडेनासं झाल्यावर ती मागणी जरा वाढली असेल, इतकंच.

मग २०२५ सालचा ऑक्टोबर उजाडला आणि 'तो' वेगळ्याच स्वरात बोलायला लागला. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपणार. अण्णांनी नातीला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

आमची कन्या कॉलेजात आहे. मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "आजोबा, आधार संपतोय."

"संपतोय? आत्ताच तर पॅनला जोडलं!"

गैरसमज दूर झाल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि स्वतः वाचलं. मग हळूच म्हणाले, "यंत्र चालू राहील, पण आधार मिळणार नाही. असं होय." आणि क्रोशाचं झाकण घालून टाकलं.

माझं म्हणणं सरळ होतं. नवीन यंत्र घ्यावं. ह्या यंत्राला विंडोज ११ चढत नव्हतं. त्याला आत सुरक्षेची एक ठरावीक चीप लागते आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा लागतो. आपला पडला २०१६चा. म्हणजे वयाच्या अटीत बसत नाही. "वयाच्या अटीत," अण्णा म्हणाले, "मीसुद्धा बसत नाही."

मी मग भीतीचा मार्ग धरला. मे २०१७मधल्या 'वॉनाक्राय'ची गोष्ट सांगितली. यंत्रातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो प्रकार सुमारे दीडशे देशांत पसरला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना रुग्ण परत पाठवावे लागले. आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवायचं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी 'नंतर आठवण करा' म्हटलं त्यांना आठवण करायला मग तोच आला.

अण्णांनी शांतपणे ड्रॉवरमधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. १९ जुलै २०२४चं प्रकरण. एका सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे एका दिवसात जगातली सुमारे ८५ लाख यंत्रं निळी होऊन पडली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातल्या एका पासाचं छायाचित्र अण्णांनी जपून ठेवलं होतं, कारण त्यावरचं अक्षर चांगलं होतं. "म्हणजे घेतलं तरी बुडतो, न घेतलं तरी बुडतो. मग बसून बुडावं."

इथे मात्र मला बँकेने वाचवलं. मी म्हटलं, "अण्णा, दोन्ही बुडणी सारखी नव्हेत. चुकीच्या अपडेटने यंत्रं बंद पडली, पण ती दुरुस्त करता आली. शाखा दोन दिवस बंद राहण्यासारखं आहे ते. खंडणीवाल्यात लॉकरच जातो. आणि तुमची वही लॉकरमध्ये आहे."

हे त्यांना लागलं. तसं दिसलं. पण हेडक्लार्क एवढ्यावर फाइल पुढे सरकवत नाही. त्यांनी शेवटची शंका काढली. त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर बँकेच्या नावाने निरोप आला होता, की केवायसी आज रात्रीपर्यंत अपडेट करा नाहीतर खातं बंद, आणि सोबत उघडायला एक फाइल. "हा चोर, आणि संगणकातला तो साव. बरोबर? पण दोघंही रात्रीच येतात, दोघंही घाई करतात, दोघंही अपडेटच म्हणतात. ओळखायचं कसं?"

प्रश्न इतका रास्त होता की मी चहा मागितला. आमच्याकडे काउंटरवर अशा फाइली उघडून बसलेली माणसं येतात. पन्नाशीतलीही येतात, शिकलेली येतात. खाली मान घालून उभी राहतात. त्यांची चूक एवढीच, की ती आज्ञाधारक होती. कोणीतरी 'ताबडतोब' म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. आज्ञा न पाळण्याचा अण्णांचा गुण तिथे कितीतरी मोलाचा. मी सांगितलं, की निरोपातून आलेलं काही उघडायचं नाही. यंत्राचं अपडेट हवं असेल तर आपणच यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बघायचं, फोनमधल्या ॲपचं असेल तर फोनच्या दुकानात.

"कळलं," अण्णा म्हणाले. "दारावर आलेल्याकडून घ्यायचं नाही. पिशवी घेऊन आपण दुकानात जायचं. तुझी आईही बोहारणीशिवाय दारावर कोणाशी व्यवहार करत नसे." आणि पुढे म्हणाले, "बोहारणीनेही फसवलं होतंच एकदा."

रविवारी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली एक कागद होता. टाइप केलेला. "विषय : संगणकास मुदतवाढ देणेबाबत." खाली पार्श्वभूमी, पर्याय, अभिप्राय, सगळं रीतसर. त्यांनी नातीला हाताशी धरून शोधून काढलं होतं, की विंडोज १० वापरणाऱ्यांना नाव नोंदवल्यास आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळणार होते. आणि त्यात नव्या सोयी काही नाहीत, नुसती डागडुजी! ह्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच यंत्र बनवणाऱ्यांनी अण्णांना हवं होतं ते देऊ केलं होतं, आणि तेही यंत्र मोडीत निघताना.

टिपणीत पुढे अटी होत्या. बटण दाबण्यापूर्वी वहीच्या प्रती काढाव्यात. एक पेन ड्राइव्हवर घरी, एक पेन ड्राइव्हवर चिरंजीवांच्या बँकेतील लॉकरमध्ये, एक कागदावर छापून. शिवाय सगळा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणावा, म्हणजे पुढेमागे कोणत्याही यंत्रावर अक्षरांचे डॉलर होणार नाहीत. हे काम नातीने करावे, आजोबांनी तपासावे. ते तपासणं दोन दिवस चाललं. बदलाबदलीत ऱ्हस्व-दीर्घ इकडचे तिकडे झाले होते आणि एका ठिकाणी 'भिजवलेली डाळ' 'भाजवलेली' झाली होती. शेवटची ओळ होती, "सदर यंत्रास एक वर्षाची मुदतवाढ देण्यास हरकत नसावी. सादर."

मी सही केली. मग सहज म्हटलं, "एकच वर्ष आहे हो अण्णा. पुढे नवीन घ्यावंच लागेल."

"एक वर्ष काय कमी झालं?" ते म्हणाले. "मी दर नोव्हेंबरला तुझ्या बँकेत येऊन एकेक वर्षाचीच घेतो ना."

ते हयातीच्या दाखल्याबद्दल बोलत होते. पेन्शनरांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. अण्णा येतात, रांगेत उभे राहतात, मुलगा कारकून आहे म्हणून आत येत नाहीत. यंत्रावर बोट ठेवतात, आणि ते उमटत नाही. जन्मभर कळा बडवून बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. मग दुसरं बोट, तिसरं बोट. मागच्या खेपेला करंगळीवर जिवंत निघाले. "बघा," काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "मिळाली मुदतवाढ." मला तेव्हा हसू आलं होतं. रविवारी तो कागद हातात धरल्यावर तितकंसं आलं नाही.

१४ तारखेला मंगळवार होता. दुसरा मंगळवार. तीन दिवसांवर वसुबारस आली होती, आणि सौ.ला त्या आठवड्यात आईच्या वहीतली चकलीची भाजणी करायची होती, म्हणजे सगळा प्रकार ऐन फराळावर आलेला. रात्री दहाला अण्णांनी आंघोळ केली. का केली ते मी विचारलं नाही. साडेदहानंतर त्यांनी स्वतः, पिशवी घेऊन दुकानात जावं तसं सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. आलेलं होतं. मुदतवाढीसाठी नाव आधीच नोंदवलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे बघितलं, आणि 'आत्ता' दाबलं.

आम्ही तिघंही बसून राहिलो. सौ. मध्ये येऊन चहा ठेवून गेली. दहा टक्के, वीस टक्के. तीस टक्क्यांवर यंत्र रेंगाळलं आणि खोलीत कोणी श्वास घेईना. अण्णा हाताची घडी घालून बसले होते, निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर बसतात तसे. एकतीस झाले. मग भराभर चढले. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि सगळी चित्रं जागच्या जागी होती. देवघर हललं नव्हतं.

अण्णांनी वही उघडली. खाली खाली जात भाजणीच्या पानाशी थांबले. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने-जिरे. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी पान वाचलं, तळटीपेसकट. 'मोहन : पुरेसं.'

"आहे," ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता मी हे बंद करतोय. तू त्या भिंतीपासून जरा लांब उभा राहा."